‘हलू नका’ का म्हणतात?

दर्यापूर-मूर्तिजापूरहून पहाटे निघून अमरावती किंवा अकोल्यात एमआरआयसाठी आलेल्या रुग्णाला ‘हललात, पुन्हा करावे लागेल’ हे ऐकणे जड जाते. पण त्यामागे कारण आहे. एमआरआयची प्रतिमा मोबाइलच्या फोटोसारखी क्षणात निघत नाही. तिची माहिती काही मिनिटे ओळीओळीने गोळा होते. मध्येच मान वळली, तर सगळी प्रतिमाच धूसर होते. त्यात बारीक गाठ हरवू शकते.

यावर उपाय निघाले आहेत. ‘नॅव्हिगेटर’ पद्धतीत यंत्र श्वासपटलाची हालचाल तपासत राहते आणि ते ठरावीक जागी असतानाचीच माहिती घेते. जेम्स पाइप यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘प्रोपेलर’ पद्धतीत पंख्याच्या पात्यांसारखी फिरत माहिती घेतली जाते. प्रत्येक पाते मधला भाग पुन्हा मोजते. त्या तुलनेतून डोके किती सरकले ते कळते आणि संगणक ते दुरुस्त करतो.

हालचाल फार झाली, तर मात्र हे तंत्रही अपुरे पडते. म्हणून खोकला, कंबरदुखी किंवा बंद जागेची भीती असेल, तर तंत्रज्ञांना आधीच सांगा. गुडघ्याखालची एक उशीही दुसरा हेलपाटा वाचवू शकते.