थंडीत केळी का काळवंडते? पेशीपटलातील मेदांचे कार्य

शीतगृहात ठेवताना हिरवीगार आणि निरोगी दिसणारी केळी बाहेर काढल्यावर काही दिवसांतच करडी, निस्तेज पडते. सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि फळ एकसारखे पिकत नाही. अशा मालात अनेकदा कोणताही रोगकारक आढळत नाही, त्यामुळे बुरशीनाशकाचा उपयोगही होत नाही. ही ‘शीत-इजा’ असते. तिचे मूळ फळातील प्रत्येक पेशीला वेढणाऱ्या पातळ आवरणात, म्हणजेच पेशीपटलात, शोधावे लागते.

पटलाची रचना

पेशीपटलाची जाडी साधारणतः ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सव्वा लाखावा भाग असते. ते मुख्यत्वे फॉस्फोलिपिड या मेदांच्या दुहेरी थराचे बनलेले असते. या रेणूंचे जलस्नेही डोके पाण्याकडे, तर मेदाम्लांच्या दोन जलविरोधी शेपट्या आतील बाजूस असतात. या थरात प्रथिने रुतलेली असून क्षार व शर्करा यांची ने-आण ती करतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘द्रव-मोझेक’ प्रतिकृतीनुसार हे पटल ताठर भिंत नसून प्रवाही थर आहे. पटलाचे कार्य या प्रवाहीपणावरच अवलंबून असते.

तूप आणि तेल यांतील फरक

थंडीत तूप आणि खोबरेल तेल थिजते, परंतु करडईचे तेल पातळच राहते. तूप व खोबरेल यांत संपृक्त मेदाम्ले अधिक असतात. त्यांच्या सरळ शेपट्या एकमेकींना घट्ट बिलगतात. असंपृक्त मेदाम्लांच्या शेपट्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे त्या दाटीने रचल्या जात नाहीत. पेशीपटलालाही हाच नियम लागू पडतो. गव्हासारखी रब्बी पिके थंडी वाढू लागताच विकरांच्या साहाय्याने पटलातील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात. उष्ण प्रदेशातील केळीमध्ये ही क्षमता मर्यादित असते.

थंडीचा परिणाम

तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली गेल्यास केळीच्या पटलांचा प्रवाहीपणा घटतो आणि प्रथिनांचे काम मंदावते. पटल गळके होऊन क्षार बाहेर झिरपतात. एरवी रिक्तिकेत साठलेले फिनॉल आणि लवकांतील विकर पटलांमुळे परस्परांपासून दूर असतात. पटल निकामी होताच ते एकत्र येतात, ऑक्सिजनशी अभिक्रिया घडते आणि साल काळवंडते. येथे पाणी गोठत नाही, बिघडते ते पटल. अल्पकाळ थंडी लागलेला माल वेळीच उबदार केल्यास सावरू शकतो, मात्र दीर्घकाळ झालेली इजा भरून येत नाही.

ही गळती मोजताही येते. सालीच्या चकत्या ऊर्ध्वपातित पाण्यात काही तास ठेवून त्या पाण्याची विद्युत वाहकता मोजावी. नंतर चकत्यांसह पाणी उकळून व थंड करून पुन्हा मोजावी. पहिल्या मापाचे दुसऱ्या मापाशी असलेले प्रमाण जितके अधिक, तितकी पटलांची हानी अधिक. ईसी मीटर असलेल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत हे सहज शक्य आहे.

शेतकऱ्यांसाठी बोध

• केळीची साठवण व वाहतूक १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात करावी. घरगुती फ्रिजचे तापमान हिरव्या केळीस मानवत नाही.
• सफरचंदासाठी ठेवलेल्या शून्य अंशाजवळच्या कक्षात केळी किंवा आंबा ठेवू नये.
• जळगाव, बुऱ्हाणपूर यांसारख्या केळीपट्ट्यांत थंडीच्या लाटेचा अंदाज असल्यास घडांवर आच्छादन घालावे, रात्री विहिरीचे तुलनेने कोमट पाणी द्यावे आणि बागेभोवती वारारोधक राखावे.
• इजेची लक्षणे बहुधा माल उबदार जागी आल्यावरच दिसतात. म्हणून शीतगृहातील तापमानाची नोंद दररोज ठेवावी. साल काळी पडल्यावर उपाय उरत नाही.