पुढच्या चाकांचे हरवलेले ओझे

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या महामार्गांवर कॅम्पर ट्रेलरची वर्दळ वाढते. बिछाने, ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी असे अख्खे बिऱ्हाड पिकअप किंवा एसयूव्हीच्या मागे जोडून कुटुंबे यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात. त्यात एखादी गाडी मागून दबलेली आणि पुढून नाक वर केलेली दिसते. रात्री तिचे दिवे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात. त्याहून गंभीर बिघाड मात्र डोळ्यांना दिसत नाही: तिच्या पुढच्या चाकांवरचा भार घटलेला असतो.

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. म्हणून जाणता गाडीवान माल रचतानाच थोडे ओझे पुढे ठेवतो. कॅम्पर ट्रेलरचेही तेच. त्याच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या टोकावर, म्हणजे ट्रेलर अडकवण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या हिचच्या बॉलवर, यावा लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि एका मर्यादेपलीकडे हे झोके आवरत नाहीत.

पण हाच आवश्यक भार गाडीला जड जातो, कारण बॉल मागच्या चाकांच्याही बराच मागे असतो. समजा, ट्रेलर ३,००० किलोचा आहे आणि बॉलवर ३६० किलो येतात. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत ३.६ मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या चाकांमागे १.५ मीटरवर. आता मागची चाके झाली टेकू आणि गाडी झाली तरफ. हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचे १५० किलो उचलले जातात. ते १५० आणि बॉलवरचे ३६० मिळून ५१० किलो जादा मागच्या चाकांवर पडतात. गाडी वळवायची पुढच्या चाकांनी, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. आणि नेमकी त्यांचीच रस्त्यावरची पकड सैल होते.

यावरचा उपाय म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच. त्यात पोलादाचे दोन लवचीक दांडे असतात. त्यांना स्प्रिंग बार म्हणतात. त्यांचे एक टोक गाडीकडच्या हिचमध्ये घट्ट बसते. दुसरे टोक मागे ट्रेलरच्या त्रिकोणी सांगाड्याखाली जाते आणि साखळीने वर ओढून अडकवले जाते. दांडे ताणाखाली वाकतात. त्यांचा जोर गाडीची मागची बाजू उचलू पाहतो, पुढची खाली दाबतो. त्याच वेळी साखळ्या ट्रेलरच्या सांगाड्याला खाली खेचतात. आपल्या उदाहरणात बॉलपासून ट्रेलरची चाके ५ मीटरवर असतील आणि पुढचे ७५ किलो परत मिळतील इतका ताण दिला, तर ट्रेलरच्या चाकांवर सुमारे ४२ किलो जातात. मागच्या चाकांचे ओझे ५१० वरून ३९३ किलोच्या आसपास उतरते. एकूण वजन एक किलोनेही घटलेले नसते, फक्त त्याची वाटणी बदललेली असते.

जोडणीला बळापेक्षा युक्ती लागते. ट्रेलर बॉलवर लॉक केल्यावर त्याच्याच जॅकने जोड आणि गाडीची मागची बाजू वर उचलायची, म्हणजे दांडे जवळजवळ मोकळे होतात. मग साखळी अडकवून जॅक खाली घ्यायचा. हे न करता ताणलेली साखळी सोडू गेल्यास दांडा जोराने उसळून हात मोडू शकतो.

ताण योग्य आहे का, हे साध्या टेपने कळते. पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलरशिवाय ९२ सेंटिमीटर आणि ट्रेलर जोडल्यावर ९५ भरली, तर दांडे लावल्यावर ९३.५ म्हणजे निम्मी भरपाई झाली. किती भरपाई हवी, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. अनेक पुस्तिका निम्मीच सांगतात. ‘जास्त तितके बरे’ हा न्याय इथे चालत नाही. ताण अति झाला तर मागची चाके हलकी होतात आणि वळणावर गाडीची मागची बाजू घसरू शकते.

युरोपात हे साधन क्वचितच दिसते. तिथल्या बहुतेक मोटारींच्या बॉलवर ७५ ते १०० किलोच भार चालतो, तिथले कॅम्पर, म्हणजे कॅरॅव्हॅन, हलक्या असतात आणि वेगमर्यादा कमी. अमेरिकी कॅम्पर अवजड, म्हणून तिथे त्याची गरज भासते.

मात्र या हिचमुळे गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही, आणि चुकीचा रचलेला मालही सुधारत नाही. अमेरिकेत कॅम्पर भाड्याने घेऊन सहलीला निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी गाडीच्या दारावरचे आणि हिचवरचे वजनाचे आकडे वाचावेत, जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जवळ आणि किंचित पुढे ठेवावे, भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन पाहावा. दांड्यांचा ताण ठरवायचा तो त्यानंतरच.