विश्लेषण : घरासमोरचा बर्फ रोबो नेमका कुठे फेकणार? दिशा कशी ठरते?

टोरांटो, मिनियापोलिस, शिकागो अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हिवाळ्यात सकाळी फावडे हाती घ्यावे लागते. आता हे काम करणारे रोबो बाजारात आले आहेत. पण उचललेला बर्फ चुकीच्या जागी पडला, तर शेजाऱ्याशी वाद, दंड आणि प्रसंगी जिवाला धोकाही संभवतो.

बर्फ उडतो कसा?

घरासमोरचा ६ मीटर रुंद, १५ मीटर लांब ड्राइव्ह-वे घ्या. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ साचला, तर तो १८ घनमीटर होतो. ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलो धरले, तरी १,८०० किलो! ओला बर्फ याहून कितीतरी जड. दोन टप्प्यांच्या स्नो ब्लोअरमध्ये पुढचे फिरते पाते बर्फ आत ओढते, तर मागचा वेगवान पंखा तो वरच्या नळीतून बाहेर फेकतो. यार्बो या कंपनीच्या दाव्यानुसार तिचा रोबो ४० फुटांपर्यंत बर्फ फेकतो. म्हणजे लहान अंगणात तो सहज कुंपणापलीकडे जाईल.

दिशा आणि अंतर कसे ठरते?

नळी डावी-उजवीकडे फिरते, त्यातून दिशा ठरते. नळीच्या तोंडावरची झडप खाली झुकवली की बर्फ जवळ पडतो, वर उचलली की लांब जातो. हाताने ढकलायच्या यंत्रात हे माणूस करतो. रोबोत मोटर करते.

खरी मेख वळणावर आहे. रोबो शेतातल्या तासांसारखा ये-जा करतो. जाताना डावीकडे असलेली हिरवळ परतताना त्याच्या उजवीकडे येते. त्यामुळे प्रत्येक वळणावर नळीही उलट फिरवावी लागते. त्यासाठी रोबोला स्वतःची जागा आणि तोंडाची दिशा अचूक कळायला हवी. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक होऊ शकते. म्हणून ‘आरटीके’ तंत्र वापरतात. घराजवळ बसवलेले स्थिर केंद्र उपग्रहांच्या संकेतांतील चूक मोजून रोबोला कळवते आणि ती चूक काही सेंटिमीटरवर येते.

बर्फ कुठे टाकू नये?

रस्त्यावर तर नाहीच. कॅनडातील ओंटारियोच्या हायवे ट्रॅफिक अ‍ॅक्टमधील कलम १८१ नुसार लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकता येत नाही. अमेरिकेतील मिनेसोटातही सार्वजनिक रस्त्यावर बर्फ लोटण्यास मनाई आहे. अग्निशमनाचा नळ, गॅस मीटर आणि घराच्या भिंतीतून बाहेर आलेली हीटरची नळी यांपासूनही बर्फ दूर हवा. हीटरची नळी बुजली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास.

अ‍ॅपमध्ये नकाशा आखताना काय पाहावे?

नकाशा बर्फ पडण्यापूर्वी, जमीन दिसत असतानाच आखावा. ड्राइव्ह-वे एका दमात न आखता त्याचे भाग पाडावेत : घराजवळ फेक कमी, हिरवळीच्या बाजूला जास्त. रस्त्याच्या तोंडाशी उंच ढीग नको, गाडी बाहेर काढताना पलीकडचे दिसत नाही. मोसमाच्या सुरुवातीला बर्फ शक्य तितका लांब टाकावा, म्हणजे फेब्रुवारीतल्या बर्फालाही जागा उरते. खडीच्या वाटेवर पाते थोडे उंच ठेवावे, नाहीतर बर्फाबरोबर दगडही उडतात.

रोबोवर किती विसंबावे?

वारा उलटला की भुसभुशीत बर्फ पुन्हा साफ केलेल्या जागीच येतो, तर ओला बर्फ नळीत अडकून जेमतेम पुढे पडतो. त्यामुळे दर वेळी पहिल्या दोन-तीन फेऱ्या उभे राहून पाहाव्यात. मुले आणि पाळीव प्राणी फेकीच्या बाजूला नसावेत. नळी तुंबली, तर यंत्र पूर्ण बंद करून काठीनेच मोकळी करावी. हात आत घालू नये, कारण यंत्र बंद केल्यावरही ताणामुळे पाते अचानक फिरू शकते.