लुप्त झालेले महाकाय मांसभक्षक

सांगवी येथे शाळाभेटीच्या वेळी चौथीतील एका मुलाने प्रश्न केला, “गुरुजी, सिंहाहून मोठा शिकारी प्राणी कधी होता का?” असा प्रश्न कोणत्याही वर्गात उद्भवेल, म्हणून हे विवेचन.

असा प्राणी होता. केनियात सापडलेला त्याचा जबडा नैरोबीच्या संग्रहालयातील एका खणात कित्येक वर्षे पडून होता. दोघा संशोधकांनी तो बारकाईने अभ्यासून २०१९ साली त्या प्राण्यास ‘सिंबाकुब्वा’, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘मोठा सिंह’, असे नाव दिले. तो सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. सिंहाशी मात्र त्याचे नाते नव्हते. तो हायनोडॉन्ट नामक निर्वंश झालेल्या गणातील होय. या गणातील प्राण्यांचे अवशेष शिवालिकच्या खडकांतही मिळाले आहेत.

जबड्यावरून आहार कसा ओळखावा? गाईची दाढ जात्याप्रमाणे दळते, कुत्र्याची कात्रीप्रमाणे कापते. कुत्र्यास प्रत्येक बाजूस अशा दाढांची एकच जोडी असते. हायनोडॉन्टांस एकाहून अधिक असत. वजन मात्र अनुमानानेच काढावे लागते. एका रीतीने ते १५०० किलोच्या घरात जाते, दुसऱ्या रीतीने पुष्कळच कमी भरते. मुलांस दोन्ही सांगावे.

आपल्याकडील काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असल्याने त्यात या प्राण्यांची हाडे मिळणार नाहीत. परंतु नद्यांच्या जुन्या गाळात त्यामानाने अलीकडच्या पशूंची हाडे मिळतात; गोदावरीच्या खोऱ्यात नेवासे येथे प्राचीन रानबैलाची मिळाली आहेत. तेव्हा नीरा वा कऱ्हाकाठी दगडासारखे जड हाड दिसल्यास ‘राक्षसाचे’ म्हणून ते फोडू देऊ नये. जागेची नोंद करून पुण्याच्या डेक्कन कॉलेजास कळवावे.

हे बलाढ्य प्राणी का संपले? हवामान पालटले, वने आटून गवताळ प्रदेश वाढले, भक्ष्य बदलले. मोठ्या मांसभक्षकास भक्ष्य विपुल लागते. ते घटताच प्रथम तोच संकटात सापडतो. बारामती-इंदापूरच्या माळरानावरील लांडग्यासही हाच नियम लागू आहे. माळ नाहीसा झाला की चिंकारा जातो, आणि मागोमाग लांडगा.

गेलेल्या प्राण्याचा पाठ शिकविताना असलेल्या प्राण्याकडे मुलांचे लक्ष वेधावे, एवढीच विनंती.