सशाआधी सावली

फ्लेमिश जायंट ही सशाची जात मूळची बेल्जियममधल्या गेंट शहराच्या परिसरातली. तिथल्या ऐन उन्हाळ्यातली दुपार आपल्या पौषातल्या दुपारपेक्षाही थंड असते. पूर्ण वाढलेला हा ससा सहा-सात किलोंचा, म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या उस्मानाबादी करडाएवढा भरतो. अंगावर दाट लोकर, आणि घाम गाळून अंग निववण्याची सोय जवळजवळ नाहीच. असा प्राणी मराठवाड्यातल्या पोखर्णीला आणायचा, जिथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर मुक्कामाला असतो, तर पिंजऱ्याची चौकशी नंतर करावी. आधी दुपारी एक ते पाच या वेळात घरातली सगळ्यांत गार जागा कोणती, ते शोधावं.

ससा अंगातली उष्णता प्रामुख्याने कानांवाटे बाहेर टाकतो. उकडू लागलं की कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तिथे निवतं. पण बाहेरची हवाच तापलेली असेल तर कान तरी काय करणार? त्यात मोठ्या जातीची दुहेरी पंचाईत. देह जितका मोठा, तितकी वजनाच्या मानाने कातडी कमी. म्हणजे उष्णता जास्त आणि ती बाहेर पडायला वाट थोडी. तीस अंशांच्या पुढे या सशाचे हाल सुरू होतात. तोंड उघडं टाकून धापा, लालबुंद कान, ओठांशी लाळ ही उष्माघाताची लक्षणं. तेव्हा कान साध्या पाण्याने ओले करत दवाखाना गाठायचा. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा उपद्व्याप करू नये.

मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून कूलर इथे चांगलं काम करतो. प्रश्न विजेचा. लाइट गेल्यावर काय, याचं उत्तर इन्व्हर्टर असेल किंवा दारा-खिडक्यांना लावलेली ओली गोणपाटं आणि वाळ्याचे पडदे असतील. पण ते आधी ठरलेलं हवं. गावात कुणाचं माळवद अजून शाबूत असेल, तर त्या जाड मातीच्या भिंतींआडचा ससा नव्या स्लॅबखालच्या सशापेक्षा सुखी राहील. नुसते पत्रे असलेल्या आणि कूलर नसलेल्या घरात मात्र हा प्राणी आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हौस खरी असली तरी भोगावं त्याला लागतं.

शहाबादी फरशी गार, म्हणून ससा तिच्यावर पसरून बसेल. पण कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या त्याच्या तळपायाला नसतात, नुसते केस असतात. सात किलोंचा भार रोज कठीण जमिनीवर पडला की केस झडतात, कातडी सोलवटते आणि जखमा चिघळतात. तारेच्या जाळीचा तळ तर त्याहून वाईट. अर्धी फरशी उघडी, अर्ध्या भागात वाळल्या गवतावर गोणपाट, अशी तडजोड बरी. कोंबड्यांचं खुराडं याला पुरत नाही. एक खोली किंवा निदान तिचा मोठा कोपरा त्याच्या नावावर करावा लागतो. जमिनीलगतच्या वायरी आधीच उचलून घ्याव्यात. बोका आणि मोकाट कुत्री आत येणार नाहीत, असं दार हवं.

खाण्याच्या बाबतीत गाजराचं चित्र डोक्यातून काढून टाकलेलं बरं. गाजर गोड, ते चवीपुरतं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावून. आतडी चालू राहतात तीही गवताच्या चोथ्यावरच. म्हणून वाळलेलं मारवेल किंवा हरळी चोवीस तास पुढ्यात हवी. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, पण त्यात कॅल्शियम फार, म्हणून मोठ्या सशाला नेहमी देऊ नये. कोवळ्या ज्वारीचं विष गुरं पाळणाऱ्याला सांगायला नकोच. रेशीमवाल्यांकडून तुतीचा पाला मिळाला तर उत्तम, कारण रेशमाच्या अळ्या मरतील या भीतीने ते त्यावर औषध जपून मारतात. कापूस-सोयाबीनच्या बांधावरचं गवत मात्र टाळावं. तिथे तणनाशक कधी पडलं याचा भरवसा नसतो. ससा अर्धा दिवस खायचा थांबला, तर उद्यापर्यंत वाट पाहू नये.

आता खरेदी. आपल्याकडे ‘जायंट’ म्हणून विकला जाणारा ससा अनेकदा व्हाइट जायंट किंवा सोव्हिएत चिंचिला असतो. कोडाईकनालजवळ मन्नवनूरला मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं जे केंद्र आहे, तिथे या जाती आहेत. चार-पाच किलोंचा हा ससा वाईट नाही, फक्त फ्लेमिशचे पैसे देऊन घेऊ नये. आई-बापांचं वजन डोळ्यांसमोर करून पाहावं आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये. ‘जोडी न्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ’ असं कुणी म्हटलं, तर इमू आणि कडकनाथच्या योजनांत बुडालेले पैसे आठवावेत. गहू काढताना रानात सापडलेलं सशाचं पिल्लू हा वेगळाच प्राणी. ते डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतं, पाळीव सशाचं पिल्लू उघडं आणि आंधळं. रानसशाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याला घरी आणू नये. त्याची आई जवळपासच असते.

गावातल्या दवाखान्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. म्हणून ससा आणण्याआधीच परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक चक्कर मारून सशाची शस्त्रक्रिया तिथे होते का, ते विचारून ठेवावं. मादीचं गर्भाशय काढणं हा चैनीचा खर्च नव्हे; वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. शिवाय महिनाभरात पिल्लं होतात, आणि नर-मादी ओळखण्यात विक्रेतेही सर्रास चुकतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशाला मारक ठरू शकतं, आणि तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन त्याची आतडी बिघडवतं. ही तीन नावं कागदावर लिहून भिंतीला चिकटवावीत, म्हणजे घाईत मेडिकलमधून कुणी तेच घेऊन येणार नाही.

आणायचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. थंडी त्याला मानवते, फक्त ओल आणि झोताचा वारा नको. विक्रेत्याकडचंच खाद्य आठवडाभराचं सोबत घ्यावं आणि नवं गवत त्यात हळूहळू मिसळावं. उचलताना एक हात मागच्या पायांखाली हवाच. लटकत्या सशाने जोराची लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. मुलांना उचलू देऊ नये, जमिनीवर बसून हात लावू द्यावा.