मासे का मेले?

खेळात मुले रमतात, म्हणून पर्यावरणशास्त्र शिकवण्यासाठी संगणकीय खेळ तयार केले जातात. परंतु पुष्कळदा त्यांत सोपा मार्ग पत्करलेला असतो. पाठातील प्रश्न पडद्यावर येतो, उत्तर बरोबर आले की गुण मिळतात आणि चित्रातील झाड उंच होते. अशा खेळात पर्यावरणाऐवजी इतिहासाचे प्रश्न घातले, तरी काही बिघडत नाही. चांगल्या खेळाची रचना वेगळी असते. तेथे शास्त्र समजून घेतल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 2011 च्या सुमारास विकसित झालेला ‘इकोम्यूव्ह’ हा उपक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तो सहावी ते आठवीच्या, म्हणजे आपल्याकडील उच्च प्राथमिक वयोगटातील मुलांसाठी रचलेला होता. पडद्यावर एक तळे असते. मुले काठाने हिंडतात, पाण्याचे तापमान मोजतात, त्यातील फॉस्फेट व प्राणवायू तपासतात आणि दिनांक बदलून पुन्हा त्याच जागी येतात. एके दिवशी तळ्यातील मोठे मासे मेलेले आढळतात. का, ते कोणीही सांगत नाही. चौघांचा गट कामे वाटून घेतो. एक जण प्राणी-वनस्पतींची नोंद ठेवतो, दुसरा सूक्ष्मजीव न्याहाळतो, तिसरा पाणी तपासतो, तर चौथा आसपास चौकशी करतो. चौघांच्या नोंदी जुळवल्याखेरीज उलगडा होत नाही.

पाण्यात कोणी विष टाकले असेल, असा तर्क प्रथम मनात येणे साहजिक आहे. नोंदी मात्र निराळीच हकीकत सांगतात. पावसाच्या पाण्याबरोबर खत वाहत तळ्यात आले. त्यातील फॉस्फेटमुळे शेवाळ माजले. मेलेले शेवाळ कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकला. पुढे उष्ण, ढगाळ, वारा पडलेले दिवस आले. उन्हाअभावी पाणवनस्पतींकडून पुरेसा प्राणवायू मिळेना; वाऱ्याअभावी हवेतला प्राणवायूही पाण्यात फारसा मिसळेना. अखेर मासे गुदमरले. खत टाकणाऱ्याच्या मनात मासे मारण्याचा हेतू मुळीच नव्हता.

या रचनेचे मर्म येथेच आहे. निसर्गात कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कित्येक दिवसांचे व बऱ्याच जागेचे अंतर असते; म्हणून कारण डोळ्यांना दिसत नाही. खेळ हे अंतर कमी करून दाखवतो आणि निष्कर्ष मात्र मुलांवर सोपवतो.

तथापि खेळालाही मर्यादा आहे. पडद्यावर मागील दिनांकाला परतता येते आणि मासे पुन्हा पोहताना दिसतात. खऱ्या तळ्यात मागे जाता येत नाही. म्हणून रचनाकाराने खेळाचा शेवट पडद्यावर न करता गावच्या तळ्याकाठी करावा. तेथील हिरव्या पाण्याकडे पाहून ‘हे कोठून आले?’ असा प्रश्न मुलाने स्वतःहून विचारला, तरच तो खेळ सार्थकी लागला असे म्हणता येईल.