उलाळ गाडी आणि घरचं विमान

सोनईत ऊस वाहणाऱ्या गाडीवानाला विचारा: मागं माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढं झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं. विमानाचंही तसंच, फक्त ते हवेत उलाळ होतं!

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2020 मध्ये ते धुळ्यात उडालं. असं घरी बांधलेलं कुठलंही विमान उडवण्याआधी तोलावंच लागतं.

विमान समतल ठेवून प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवतात. समजा, पुढच्या चाकावर 60 किलो, मागच्या दोन्हींवर 120-120. नाकाच्या टोकापासून पुढचं चाक 50 सेंटीमीटरवर, मागची 200 वर. वजन गुणिले अंतर करून बेरीज 51,000. भागिले 300 किलो, म्हणजे तोलबिंदू 170 सेंटीमीटरवर.

आता शेपटीकडं 290 सेंटीमीटरवर 20 किलोची बॅग टाका. तोलबिंदू थेट 177.5! एवढ्याशा बॅगेनं साडेसात सेंटीमीटर.

नाकजड विमान उचलायला जड जातं, पण शेपूटजड जास्त घातक: वेग पडून नाक वर गेलं, तर खाली आणणं अवघड. शिवाय उडताना इंधन संपतं, तोल सरकतो. म्हणून गणित टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही धरून करा.